क्लोरीन : नळाच्या पाण्यामागील विषारी वायू

सकाळी नळाला पाणी येते तेव्हा, विशेषतः पावसाळ्याच्या दिवसांत, त्याला कधी कधी उग्र वास येतो. "आज पाण्यात औषध जास्त पडलेले दिसते," असे म्हणून घरातील मंडळी ते पाणी थोडा वेळ उघडे ठेवतात आणि मग पिण्यास घेतात. हे 'औषध' म्हणजे क्लोरीन होय. मोठ्या शहरांच्या व नगरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत ते बहुधा पोलादी टाक्यांमध्ये दाबाखाली भरून आणले जाते. पटकी, विषमज्वर, हगवण यांसारख्या पाण्यावाटे पसरणाऱ्या रोगांना आळा घालण्यात या वायूचा वाटा फार मोठा आहे. मात्र ज्या गुणामुळे तो जंतूंचा नाश करतो, त्याच गुणामुळे माणसाच्या फुप्फुसांनाही तो जाळू शकतो.

जलशुद्धीकरण केंद्र मुळात वस्तीपासून दूर बांधलेले असते. पण गाव वाढत वाढत त्याच्या कुंपणाला येऊन भिडल्याचे आज अनेक ठिकाणी दिसते. त्यामुळे या वायूचा स्वभाव केवळ केंद्रातील कर्मचाऱ्यांनी जाणावा, एवढे पुरेसे राहिलेले नाही. आग आणि धूर यांच्याबाबत आपण लहानपणापासून जे शिकत आलो, त्यातील काही गोष्टी क्लोरीनच्या बाबतीत नेमक्या उलट ठरतात. हे माहीत नसल्यामुळे वाचू शकणारा माणूसही संकटात सापडतो.

मिठातून निघणारा वायू

क्लोरीनचा शोध कार्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये लावला. परंतु ते एक स्वतंत्र मूलद्रव्य आहे, हे इंग्रज शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखवून दिले. ग्रीक भाषेतील फिकट हिरव्या रंगाच्या शब्दावरून त्यांनीच त्याला हे नाव दिले. निसर्गात तो मोकळा सापडत नाही. आपल्या रोजच्या मिठात तो सोडियमशी बांधलेला असतो. मिठाच्या पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे ही बांधणी सुटते; एकीकडे क्लोरीन निघतो आणि दुसरीकडे कॉस्टिक सोडा तयार होतो. साबण, कागद व कापड यांच्या धंद्यांना कॉस्टिक सोडा लागतो, तर क्लोरीन प्लॅस्टिकचे नळ, कीटकनाशके, औषधे, रंग अशा शेकडो वस्तूंच्या निर्मितीत खर्च होतो. पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारा क्लोरीन हा एकूण उत्पादनाचा लहानसा भाग आहे. पण हाच भाग कारखान्यांची वसाहत सोडून थेट नागरी वस्तीत येतो, आणि म्हणून तो आपल्या विचाराचा विषय आहे.

पिण्याच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन मिसळण्याचा एक गाजलेला आरंभ अमेरिकेतील जर्सी सिटी येथे १९०८ मध्ये झाला. त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली. ती इतकी टिकली याचे कारण साध्या हिशेबात आहे. पाणीपुरवठा खात्यात 'टनर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आडव्या पोलादी टाकीत साधारण ९०० किलो क्लोरीन असतो. लिटरला २ मिलिग्रॅम या मात्रेने तो वापरला, तर एका टनरमधून ४५ कोटी लिटर पाणी निर्जंतुक होते. माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले, तर एक लाख वस्तीच्या नगराला हा एक टनर महिनाभर पुरतो. शिवाय पाण्यात मिसळलेला क्लोरीन नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत थोडा शिल्लक राहतो आणि वाटेत शिरणाऱ्या जंतूंशी झगडतो. पाणी उकळले किंवा त्यावर अतिनील किरण सोडले, तर पुढच्या प्रवासासाठी असे संरक्षण मागे उरत नाही.

वायूचा स्वभाव

क्लोरीन हिरवट पिवळा दिसतो. परंतु हा रंग वायू दाट असतानाच डोळ्यांना जाणवतो. विरळ झालेला पण अपायकारक वायू दिसतच नाही. त्याची ओळख वासावरून पटते. हवेच्या दहा लाख भागांत क्लोरीनचा एक भाग असला, तरी बहुतेकांना वास कळतो. मात्र त्याच हवेत काही वेळ राहिल्यास नाक सरावते. वास कमी झाला म्हणजे वायू कमी झाला, असा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

या वायूच्या तीन गुणांकडे विशेष लक्ष दिले पाहिजे.

पहिला गुण त्याचे वजन. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड आहे. सुटल्यावर तो धुरासारखा वर न जाता पाण्यासारखा उताराकडे वाहतो आणि खड्डे, गटारे, तळघरे, विहिरी, नाल्यांचे पात्र अशा सखल जागी साचून राहतो. लहान मुलांचे नाक जमिनीपासून जवळ असते आणि त्यांचा श्वासही जलद चालतो. त्यामुळे त्यांना त्याची बाधा लवकर होते.

दुसरा गुण असा की, टाकीत तो वायुरूपात नसून बव्हंशी द्रवरूपात असतो. शून्याखाली ३४ अंश सेल्सियसला क्लोरीनचा द्रव उकळतो. आपल्या हवामानात त्याला द्रवरूपात ठेवायचे तर दाबाखाली कोंडावे लागते. हा द्रव बाहेर पडला, की एका भागाचे सुमारे ४६० भाग वायू होतात. नऊशे किलोंचा एक टनर पूर्णपणे रिकामा झाला, तर सुमारे ३०० घनमीटर शुद्ध वायू तयार होतो. तीनशे घनमीटर म्हणजे एखादे मध्यम आकाराचे सभागृह, मग त्यात एवढे काय, असे वाचकांस वाटेल. परंतु अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने हवेच्या दहा लाख भागांत क्लोरीनचे १० भाग हे प्रमाण जीवितास तात्काळ धोकादायक ठरविले आहे. या प्रमाणाने पाहिले, तर तेवढा वायू सुमारे तीन कोटी घनमीटर हवा, म्हणजेच एक चौरस किलोमीटर जागेवरील तीस मीटर उंचीपर्यंतची हवा बिघडविण्यास पुरेसा आहे. वारा, उतार व इमारती यांमुळे प्रत्यक्षात वायू असा सारखा पसरत नाही, हे खरे; तथापि आकड्यांचा आवाका यावरून ध्यानात यावा.

तिसरा गुण पाण्याशी असलेल्या नात्याचा. कोरडा क्लोरीन साध्या तापमानाला पोलादाला काही करीत नाही, म्हणूनच तो पोलादी टाकीत राहू शकतो. ओलावा मिळताच मात्र त्यापासून आम्ले तयार होतात आणि ती पोलाद खाऊ लागतात. माणसाचे डोळे, नाक, घसा आणि फुप्फुसे ओलीच असतात. वायू तेथे पोहोचला म्हणजे हीच आम्ले आपल्या शरीरात तयार होतात.

इप्रच्या खंदकांतील अनुभव

या वायूचे वजन किती प्राणघातक ठरू शकते, हे जगाने प्रथम युद्धभूमीवर पाहिले. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील इप्र शहराजवळ जर्मन सैन्याने पाच हजारांहून अधिक सिलिंडर उघडून वाऱ्याबरोबर क्लोरीन सोडला. समोर फ्रेंच सैन्याच्या तुकड्या होत्या आणि त्यांत अल्जीरियातील सैनिकांचा मोठा भरणा होता. बंदुकीच्या गोळीपासून वाचण्यासाठी सैनिक खंदकाच्या तळाशी आडवा होतो. तसे जे आडवे झाले, त्यांना सर्वाधिक बाधा झाली. खंदकाच्या कडेवर उभे राहिलेले त्या मानाने वाचले. वाऱ्याबरोबर मागे पळणारे ढगाच्या सोबतच पळत राहिले. चारच दिवसांनी, २६ एप्रिल रोजी, हिंदी लष्कराची लाहोर डिव्हिजन याच रणक्षेत्रात वायूला तोंड देत पुढे गेली. त्या दिवशीच्या पराक्रमाबद्दल जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वायूची बाधा त्यांनाही झाली होती.

धुराने भरलेल्या खोलीतून रांगत बाहेर पडावे, असे आपण शिकतो व मुलांना शिकवितो. ते योग्यच आहे, कारण गरम धूर वर चढतो. क्लोरीनच्या बाबतीत मात्र रांगणे म्हणजे वायूच्या थरात डोके घालणे होय. येथे उभे राहावे आणि उंच जागी जावे.

नऊ जणांचा बळी घेणारी एक दुर्घटना अमेरिकेतील ग्रॅनिटव्हिल या कापडगिरणीच्या गावी ६ जानेवारी २००५ रोजी पहाटे घडली. दोन रेल्वेगाड्यांची टक्कर होऊन एका टाकीतून सुमारे ६० टन क्लोरीन सुटला आणि जवळजवळ ५,४०० लोकांना घरे सोडावी लागली. जॉर्डनमधील अकाबा बंदरात २७ जून २०२२ रोजी जहाजावर चढविताना क्लोरीनची टाकी खाली कोसळली. त्या वेळचे चित्रण अनेकांनी पाहिले असेल. पिवळ्या वायूचा लोट क्षणार्धात संपूर्ण धक्का व्यापतो आणि माणसे कोणत्या दिशेने पळावे हे न कळून धावताना दिसतात. त्या अपघातात तेरा जणांचा मृत्यू झाला.

बाधा कशी होते

क्लोरीन पाण्यात मध्यम प्रमाणात विरघळतो. अमोनियासारखा पटकन विरघळणारा वायू बव्हंशी नाका-घशातच अडतो. क्लोरीनचा बराच भाग त्यापुढे खोल फुप्फुसांपर्यंत जातो. प्रथम डोळे चुरचुरतात, घसा जळतो, खोकल्याची उबळ थांबत नाही. दहा लाख भागांत तीसच्या आसपास प्रमाण झाले, की छातीत दुखू लागते व श्वास अडकतो. हजार भागांच्या घरात काही मिनिटांत मृत्यू ओढवतो.

डॉक्टर विशेष भर देतात तो मुद्दा निराळाच आहे. मोकळ्या हवेत आल्यावर रुग्णाला बरे वाटू लागते, तो घरी जाण्याचा आग्रह धरतो, आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू लागते. म्हणून वायू भरपूर लागलेल्या माणसाला बरे वाटत असले, तरी रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे. या विषावर उतारा म्हणून देता येईल असे औषध नाही; प्राणवायू, श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधे आणि संपूर्ण विश्रांती हाच उपचार होय. बाधित माणसाला चालवू नये, उचलून न्यावे. डोळे निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि वायू मुरलेले कपडे काढून टाकावेत.

टनरच्या खोलीत

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी त्याचा संबंध शालेय पुस्तकापुरताच. पत्रकारांच्या एका दौऱ्यासोबत जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका जलशुद्धीकरण केंद्रात जाण्याचा योग आला, तेव्हा तेथील अनुभवी ऑपरेटरने क्लोरीनच्या खोलीत जे समजावून सांगितले, ते कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक लक्षात राहिले. सोनेरी पिवळ्या रंगाचे टनर आडवे ठेवलेले होते. टनरच्या तोंडाशी दोन व्हॉल्व्ह असतात. ते एकावर एक येतील असा टनर फिरवून ठेवतात. वरच्या व्हॉल्व्हमधून वायू मिळतो, खालच्यातून द्रव. "कुठं गळू लागलं साहेब, तर पहिलं काम टनर फिरवायचं. गळती वर आली पाहिजे," असे ते म्हणाले. गळणारे भोक द्रवाच्या पातळीखाली असेल, तर त्यातून द्रव येतो आणि त्याच भोकातून कितीतरी पट अधिक विष बाहेर पडते; ते वर आणले, की केवळ वायू निसटतो.

मग त्यांनी अमोनियाच्या पाण्याची एक लहान बाटली काढली व तिचे तोंड नळीच्या सांध्याजवळ धरले. क्लोरीन गळत असेल, तर त्याचा अमोनियाशी संयोग होऊन नवसागराचा पांढरा धूर दिसतो. एका सांध्यापाशी धुराची बारीक रेघ उठली. त्यांनी शांतपणे व्हॉल्व्ह बंद केला, जुना शिशाचा वॉशर काढून नवा घातला आणि पुन्हा बाटली धरली. धूर नव्हता. एकदा वापरलेला वॉशर पुन्हा वापरू नये, हा नियम त्यांनी तेव्हाच सांगितला.

एका पत्रकाराने विचारले, "यावर पाणी मारले तर?" ऑपरेटर हसले. गळतीवर पाणी मारणे हीच सर्वांत मोठी चूक. पाण्यामुळे आम्ल तयार होऊन ते भोक मोठे करते. शिवाय थंडगार द्रवाला पाण्याची ऊब मिळून तो अधिक वेगाने उकळतो. गळणारा टनर तळ्यात किंवा हौदात ढकलणे हेही याच कारणाने चुकीचे. सुटणारा वायू नळीने कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात किंवा चुन्याच्या दाट पाण्यात सोडला, तर तो तेथे शोषला जातो; एक किलो क्लोरीनसाठी सुमारे सव्वा किलो कॉस्टिक सोडा लागतो. वायूचा पुरवठा मंदावला म्हणून टनरवर गरम पाणी ओतणे किंवा जवळ शेगडी ठेवणे हा प्रकारही जीवघेणा आहे. टनरला मऊ मिश्रधातूची बुचे असतात व ती साधारण ७० ते ७४ अंशांना वितळतात. टाकी फुटू नये म्हणून केलेली ही योजना. पण बूच वितळले, की वायू मोकळा होतो.

एक गोष्ट मात्र खटकली. संकटकाळी घालावयाचे श्वसनयंत्र कोठे आहे, असे विचारता त्यांनी क्लोरीनच्या खोलीतच असलेल्या एका कपाटाकडे बोट दाखविले. कपाटास कुलूप होते आणि किल्ली कनिष्ठ अभियंत्यांकडे होती. ते त्या दिवशी दुसऱ्या योजनेवर गेले होते. ज्या खोलीत वायू सुटणार, त्याच खोलीत वायूपासून वाचविणारे साधन कुलपात ठेवणे यातील विसंगती ऑपरेटरांच्याही ध्यानात होती. "लिहून दिलंय वर," एवढेच ते म्हणाले. असे साधन खोलीबाहेर, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून आणि कुलपाविना ठेवले पाहिजे. साधा गाळणीचा मुखवटा दाट वायूत निकामी ठरतो. पाठीवर हवेची टाकी असलेले यंत्रच तेथे लागते.

रिकामे सिलिंडर

वापरात असलेल्या टनरकडे निदान कोणाचे तरी लक्ष असते. विस्मरणात गेलेल्या सिलिंडरांचे तसे नाही. मुंबई बंदरात शिवडीच्या हाजी बंदर येथील गोदामात १४ जुलै २०१० रोजी पहाटे क्लोरीनची गळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना बाधा झाली. तेथील सिलिंडर १९९७ पासून कोणी न सोडविल्यामुळे पडून होते. तेरा वर्षे समुद्रकाठच्या दमट हवेत पोलादाचे काय होणार, हे सांगावयास नको.

भंगारात गेलेले जुने सिलिंडर कापताना वायू सुटल्याच्या घटनाही देशात अनेकदा घडल्या आहेत. द्रव संपला, तरी सिलिंडरात दाबाखालचा वायू उरतोच. 'रिकामा' हा शब्द येथे फसवा आहे. भंगाराच्या दुकानदारांनी पिवळ्या रंगाचा, जाड पोलादाचा, व्हॉल्व्ह असलेला सिलिंडर कोणत्याही भावात घेऊ नये आणि नागरिकांना असा सिलिंडर कोठे बेवारस दिसल्यास हात न लावता पोलीस अथवा अग्निशमन दलास कळवावे. सिलिंडरांची तपासणी व भरणा यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या राज्यात नागपूर येथेच आहे.

कायद्याच्या बाबतीत एक मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर केंद्र शासनाने १९८९ मध्ये घातक रसायनांबाबत नियम केले. त्यांनुसार क्लोरीनचा साठा १० टनांवर गेला, म्हणजे आवारातील आपत्कालीन योजना तयार करणे भाग पडते. दहा भरलेले टनर म्हणजे ९ टन. नगरपालिकेच्या केंद्रात सहसा चार-सहा टनर असतात. म्हणजे ते या मर्यादेच्या आत राहते. कारखान्याच्या मानाने हा साठा लहान खरा. परंतु कुंपणाला लागून शाळा असेल, तर चार टनरही लहान नव्हेत. अशा केंद्रांनी नियम लागू नसला, तरी योजना करावी, शेजारच्या वस्तीस ती समजावून सांगावी आणि वर्षातून एकदा तरी तिचा सराव करावा. मिठाच्या पाण्यापासून जागेवरच सौम्य हायपोक्लोराइट तयार करणारी यंत्रे काही ठिकाणी बसविण्यात आली आहेत. खर्च थोडा अधिक येतो. पण दाट वस्तीत वेढल्या गेलेल्या केंद्रांसाठी तो करण्याजोगा आहे, असे वाटते.

वास आला तर

गळतीची वर्दी मिळाली अथवा उग्र वास आला, तर प्रथम वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहावे. झाडाची पाने, ध्वज, धूर यांवरून ते कळते. वाऱ्याबरोबर पळू नये, गळतीच्या दिशेनेही जाऊ नये. वाऱ्याला आडवे, म्हणजे उजव्या अथवा डाव्या बाजूस जाऊन ढगाच्या पट्ट्यातून बाहेर पडावे आणि मग उंच जागा गाठावी. नाका-तोंडावर ओला रुमाल धरावा. ढग जवळ आला असेल आणि बाहेर पडणे शक्य नसेल, तर पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जाऊन दारे-खिडक्या बंद कराव्यात, फटींत ओली फडकी कोंबावीत, पंखे व वातानुकूलन यंत्र बंद ठेवावे. तळघरात जाऊ नये. विहिरीत किंवा खड्ड्यात कोणी बेशुद्ध पडलेला दिसला, तरी श्वसनयंत्राविना त्याच्यामागे उतरू नये. रस्त्यावर टँकर किंवा मालमोटार उलटली असेल, तर तिच्यावरील फलक दुरूनच वाचावा. क्लोरीनचा आंतरराष्ट्रीय क्रमांक १०१७ आहे. ११२ वर दूरध्वनी करताना हा क्रमांक सांगितल्यास येणारे पथक योग्य साधने घेऊन येऊ शकते.

क्लोरीनशी गाठ पडण्यासाठी टनर जवळ असावा लागतो, असेही नाही. विहिरीत टाकावयाची ब्लीचिंग पावडर व कपड्यांचे डाग घालविणारे द्रावण यांतही तो बांधलेला असतो. संडास-मोरी साफ करताना एकाच वेळी ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड वापरले, तर अधिक स्वच्छता होईल अशी अनेकांची समजूत असते. या दोहोंच्या संयोगाने तेथल्या तेथे क्लोरीन वायू सुटतो, आणि मोरीचे दार बहुधा लावलेले असते. दोन्ही वस्तू एका दिवशी वापरू नयेत, एका फळीवर ठेवू नयेत, आणि चुकून मिसळल्या गेल्याच, तर त्यावर काही ओतत न बसता दार उघडे टाकून बाहेर यावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांनी पावडरीचे पोते कोरड्या, हवेशीर जागी, रॉकेल व तेलापासून दूर ठेवावे. पावडर बादलीतील पाण्यात कालवून गाळ खाली बसू द्यावा आणि निवळीच विहिरीत सोडावी. निदान अर्ध्या तासानंतर पाण्याची ओ.टी. चाचणी घ्यावी, लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असल्याचे तीत दिसले, म्हणजे ते पाणी पिण्यास द्यावयास हरकत नाही.